अप्पांचा परचा

आमच्या घरात दिवेलागण झाली की मराठी बंद व्हायची. अप्पा कंदिलाची काच राखेनं पुसायचे, वात लावायचे, खुंटीवरचा कोट काढून अंगात घालायचे आणि ओसरीवर येऊन बसायचे. उन्हाळा असला तरी कोट असायचाच. तिथून पुढे ताटं मांडेपर्यंत जे काही बोलायचं ते इंग्रजीत. मीठ संपलं हे इंग्रजीत, कोंबडी अंड्यावर बसली हे इंग्रजीत, आज पोटात दुखतंय हेही इंग्रजीत. मला एखादा शब्द आला नाही तर अप्पा तो सांगायचे नाहीत, थांबून राहायचे. मी दुसऱ्या शब्दांनी फिरून फिरून त्या गोष्टीपाशी पोचले की मान हलवायचे. गेवराईत तेव्हा शाळा उर्दूत चालायची, कचेरी उर्दूत चालायची, बाजार मराठीत भरायचा. इंग्रजी बोलणारं घर गावात एकच होतं आणि त्या घरात माणसं दोनच होती.

अप्पा सरकारी मिडल शाळेत इंग्रजी शिकवत. मुलींची शाळा चौथीला संपली तशी मी घरी बसले. माझ्याबरोबरच्या मुली एकेक करून सासरी गेल्या, आणि ज्या राहिल्या त्या माझ्याशी फार बोलत नसत. तुरीतले खडे निवडताना मी तोंडातल्या तोंडात इंग्रजी वाक्यं जुळवत बसायची. विहिरीवर एकदा एकीनं दुसरीला सांगितलं, "ती लई शानी हाय, पर डोक्यावर परिणाम झालाय." मी घागर भरली आणि घरी आले. त्या दिवशी संध्याकाळी अप्पांना हे सांगायचं म्हणून शब्द जुळवले, पण सांगितलं नाही. अप्पांनीही काही विचारलं नाही. ते मनानं वाईट नव्हते, कठोरही नव्हते. त्यांना विचारायचं सुचत नसे, एवढंच.

दिवसभर घरात आवाज असा एकच यायचा, शेजारच्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा. कापसाच्या दिवसांत ती सकाळपासून वाजायची आणि कापसाची तुसं भिंतीवरून आमच्या अंगणात यायची. स्वयंपाकाला समोरच्या घरातून सोनाकाकू यायच्या. त्या अप्पांच्या नात्यातल्या, लवकर विधवा झालेल्या, बोलक्या. ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, सणाला पुरण. त्यांच्या येसराचा वास मला आजही कुठूनही ओळखता येईल. माझं आताचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खालच्या बिऱ्हाडात मराठवाड्याकडची एक बाई आहे, ती कधी येसरासाठी धणे आणि गहू भाजायला घेते तेव्हा मी हातातलं काम ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

वर्षातून एकदा, कापूस वेचून झाला की, अप्पांच्या नावानं हैदराबादहून टपालानं एक पत्रक यायचं. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचं. पातळ, सोळा पानांचं, करड्या कागदाचं वेष्टण. त्यात पहिल्या भागात अध्यापकांची कामगिरी असायची आणि दुसऱ्या भागात माजी विद्यार्थ्यांची. कोण विलायतेला गेलं, कुणाचं व्याकरणाचं पुस्तक निघालं, कोण मुन्सफ झालं, कुणाला कुठल्या सभेत निबंध वाचायला बोलावलं. अप्पा ते पत्रक आल्या आल्या फोडत नसत. संध्याकाळपर्यंत कोनाड्यात ठेवत आणि मग कोट घालून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मला मोठ्यानं वाचून दाखवत. मधे मधे थांबून सांगत, हा माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, ह्याला उच्चार नीट येत नसत, ह्याला मी नाटकाचा तास समजावून सांगितला होता. सगळ्यांबद्दल ते चांगलंच बोलत. पत्रक मिटलं की मात्र जेवेपर्यंत गप्प असत. त्यात त्यांचं नाव कधीच नसायचं. नसणारच होतं, कारण अप्पांनी शेवटची परीक्षा दिली नव्हती. पत्रक यायचं ते त्यांचे जुने सहाध्यायी वाजिदसाहेब आता विभागात प्रोफेसर होते आणि पाठवायच्या यादीत त्यांनी अप्पांचं नाव राहू दिलं होतं म्हणून.

परीक्षा का दिली नाही, हे मला सोनाकाकूंनी सांगितलं. मी बारा वर्षांची असेन. त्या भाकरी थापत होत्या आणि मी चुलीत काटक्या सारत होते. "तुजा बाप पयल्या नंबराचा होता गं," त्या म्हणाल्या. "परीक्षेला आठ रोज न्हाईत तर इकडं तुजा जल्म. तुजी माय गेली. तार गेली तसा तो आला. तुला बघितलं अन् परत गेलाच न्हाई. गेला असता तर आज हैदराबादेत बंगल्यात असता." त्यांच्या मनात काही नव्हतं. भाकरी उलथून त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळल्याही. मी चुलीसमोर बसून राहिले. आई माझ्यामुळे गेली हे मला आधीच माहीत होतं, ते ऐकतच मी मोठी झाले होते. अप्पांचंही सगळं माझ्यामुळेच गेलं, हे मात्र त्या दिवशी कळलं. त्यानंतर संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले की मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. मी जास्त मन लावून इंग्रजी शिकू लागले, उसनी आणलेली वस्तू परत करावी तसं.

त्याच सालात मी एक पत्र लिहिलं. पत्रकाच्या मागच्या पानावर विभागाचा पत्ता असायचा आणि खाली एक ओळ, की माजी विद्यार्थ्यांनी आपली कामगिरी कळवावी. अप्पा शाळेत गेल्यावर मी त्यांचाच टाक, त्यांचाच कागद घेतला आणि त्यांच्या नावानं इंग्रजीत लिहिलं की, गेवराईचे श्री. दिगंबरराव यांनी एका थोर इंग्रजी नाटकाचं मराठी भाषांतर पूर्ण केलं असून ते लवकरच प्रसिद्ध होईल. चार वाक्यं होती. ती मी सहा वेळा लिहून काढली. खाली सही अप्पांची केली. पेटीतलं तिकीट लावलं आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत जाऊन पाकीट टपालाच्या पेटीत टाकलं. भीती वाटली ती घरी आल्यावर. पण दिवस गेले, महिने गेले, कुणी काही विचारलं नाही, आणि मी ते विसरले असं मला वाटू लागलं.

पुढच्या वर्षीचं पत्रक आलं. अप्पांनी कोट घातला, वेष्टण फोडलं, वाचायला लागले. अध्यापक झाले, विलायतेला गेलेले झाले. मग एका ओळीवर त्यांचा आवाज थांबला. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली नाही. पत्रक कंदिलाजवळ नेलं, परत वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. तालुक्यात इंग्रजीत खोटं लिहू शकेल असं दुसरं होतं कोण? मी म्हणाले, "अप्पा," आणि पुढचा शब्द मला कुठल्याच भाषेत आला नाही. ते उठले, पत्रक कोनाड्यात ठेवलं आणि जाऊन सोनाकाकूंना म्हणाले, "आज मला भूक न्हाई." त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते फक्त धनुकलीच्या आवाजाचे. संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसायचो, ते मला उतारा द्यायचे, मी वाचायची. रागावले असते तर बरं झालं असतं. मग एक दिवस कार्ड आलं. वाजिदसाहेब औरंगाबादला निघाले होते, वाटेत गेवराईला उतरून दिगंबरचं नाटक बघून जाणार होते. अप्पांनी कार्ड वाचलं, मला दिलं, आणि म्हणाले, "सोनाला सांग, गुरुवारी पाहुणा हाय. धपाटे करायला सांग, त्याला आवडतात."

गुरुवारी दुपारची मोटार आली तेव्हा अप्पा सडकेवर उभे होते. मी दाराआडून बघितलं. शेरवानीवर धूळ बसलेला, तुर्की टोपी घातलेला एक जाड, हसरा माणूस अप्पांना मिठी मारत होता, आणि अप्पा त्या मिठीत लाकडासारखे उभे होते. वाजिदसाहेब मूळचे बीडचेच, त्यामुळे मराठी त्यांना चांगली येई, फक्त मधे मधे हैदराबाद डोकावायचं. ओसरीवर बसून त्यांनी चार धपाटे खाल्ले, दही मागून घेतलं, आतल्या सोनाकाकूंना ओरडून सांगितलं, "भाभी, असे धपाटे हैदराबादेत न्हाई मिळत!" मग पानाचा डबा उघडून अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "हां दिगंबर, आता आण. बघू तुझं नाटक. मी प्रोफेसर मंडळींना सांगून ठेवलंय, छापायची जिम्मेदारी आमची."

"नाटक न्हाई, वाजिद," अप्पा म्हणाले.

"न्हाई म्हंजे? अर्धं राहिलं?"

"एक ओळ बी न्हाई. ते पत्र खोटं होतं. मीच लिहिलं. मला लाज वाटायची, समद्यांची नावं येतात, माझं येत न्हाई. म्हणून लिहिलं."

वाजिदसाहेबांचा हात थांबला. मी आत उंबऱ्यापाशी बसले होते. अप्पा त्यांच्या सगळ्यात जुन्या दोस्तासमोर मान खाली घालून बसले होते, माझ्या खोट्यापायी, आणि ते मला बघवलं नाही. मी बाहेर आले. परक्या पुरुषासमोर अशी मी कधी आले नव्हते.

"त्यांनी न्हाई लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं. सही पण मीच केली."

वाजिदसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, खरं तर गोंधळले होते. "तू? इंग्रजीत? कावून बेटी?"

मग मला रडू आलं आणि रडत रडत मी सगळं बोलून टाकलं. की माझ्यामुळे आई गेली, माझ्यामुळे अप्पांची परीक्षा राहिली, मी जन्मले नसते तर त्यांचं नाव दर वर्षी त्या पत्रकात आलं असतं, म्हणून मी एकदा घातलं. मागे सोनाकाकूंच्या हातातलं भांडं वाजलं. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघून डोळे पुसले.

"हे बघ इंदू." ते मराठीतच बोलत होते, पण सावकाश, उतारा समजावून सांगताना बोलत तसे. "परीक्षा राहिली नव्हती. मी परीक्षेला बसलो होतो. नापास झालो. तू जल्मायच्या आधी निकाल लागला होता. गावाला काय ठाऊक परीक्षा कवा असते? लोकं म्हणाले, बायको गेली म्हणून शिक्षण सुटलं. मी म्हणू दिलं. नापास झालो म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं. तुझा काई संबंध न्हाई त्यात." आणि मग वाजिदसाहेबांकडे वळून म्हणाले, "ह्याला ठाऊक हाय. विचार त्याला."

वाजिदसाहेब सुपारी कातरत होते. ती केव्हाच बारीक झाली होती, तरी कातरत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "हां. मुश्किल परचा होता त्या साली." आणि पानाला चुना लावायला लागले.

माझ्या डोक्यावरचं ओझं त्या क्षणी उतरलं, हे खरं. पण ते उतरल्याबरोबर जे आलं ते आभाराचं नव्हतं. मला संताप आला. म्हणजे इतकी वर्षं ह्या माणसानं स्वतःची लाज झाकायला माझ्या आईचं मरण वापरलं, आणि मला त्याखाली राहू दिलं? मी आत गेले. बाहेर ते दोघं हळू आवाजात बोलत राहिले. मोटारीची वेळ झाली तेव्हा वाजिदसाहेबांनी मला हाक मारली, एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, दुरुस्तीचं पत्र लिही, तूच लिही. मी उभ्या उभ्या लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग अप्पांना म्हणाले, "दिगंबर, ही पोरगी इथं ठेवलीस तर अल्ला तुला माफ करणार न्हाई. हैदराबादेत मुलींचा मदरसा हाय, बोर्डिंग हाय. जूनमधी आणून सोड." मला वाटलं अप्पा विचार करतील, निदान एक दिवस मागतील. ते लगेच हो म्हणाले.

जूनमध्ये अप्पांनी मला हैदराबादला सोडलं. जालन्याहून गाडी, सगळी रात्र बाकावर समोरासमोर, आणि आमच्यात दहा वाक्यंही झाली नाहीत. बोर्डिंगच्या फाटकापाशी त्यांना काही सांगायचं होतं असं मला वाटलं. मी वळून आत गेले.

पुढची वर्षं मी शिकले, एवढंच सांगण्यासारखं आहे. बोर्डिंगमध्ये आधी मी एकटीच मराठी मुलगी होते. मुली सुट्टीला घरी जायच्या, मी बहुतेक वेळा राहायची. रिकाम्या खोल्यांच्या त्या लांब इमारतीत मी आणि स्वयंपाकीणबाई. अप्पांची पत्रं महिन्याला यायची, इंग्रजीत, वळणदार अक्षरात. पाऊस किती झाला, शाळेत मुलं किती, सोनाकाकूंचे गुडघे, पिंजाऱ्याच्या मुलाचं लग्न. शेवटी नेहमी एकच वाक्य, तुझी सवड असेल तेव्हा ये. मी उत्तर द्यायची, पोस्टकार्डावर, त्याच्या निम्म्या ओळीत. बारा वर्षांत मी चार वेळा गेवराईला गेले. राग रोज आठवत असे असं नाही. तो नुसता होता, घरात एखादी बंद खोली असते तसा, आणि मला ती उघडायचं कारण पडलं नाही. मी पास होत गेले, विभागात शिकवायला लागले, वाजिदसाहेब माझे वरिष्ठ झाले. अप्पांना तापानं घेरलं ती तार मला उशिरा मिळाली. मी पोचले तेव्हा त्यांना जाऊन तिसरा दिवस होता आणि ओसरीवर गावातली माणसं बसली होती. मी पाच दिवस राहिले, कुलूप लावलं, किल्ली सोनाकाकूंकडे दिली आणि परत आले. मला रडू आलं नाही. लोकांनी ते बघितलं असणार.

त्या वर्षी वाजिदसाहेब निवृत्त व्हायचे होते. विभागानं ठरवलं की सुरुवातीपासूनच्या सगळ्या अध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची कामगिरी एका मोठ्या पत्रकात आणायची, आणि ते काम माझ्याकडे आलं. त्यासाठी जुनी रजिस्टरं काढली. उर्दूत लिहिलेली, वाळवी लागलेली, पुठ्ठा हातात सुटून येणारी. एका दुपारी कार्यालयात बसून मी नावं उतरवून घेत होते आणि अप्पांच्या सालापर्यंत येऊन पोचले. शोधत होते असं नाही, ते पान आलंच. आधीच्या वर्षाच्या गुणांत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. शेवटच्या परीक्षेच्या पानावर त्यांच्या नावापुढे सहा रकाने होते, आणि सहाही रकान्यांत लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता. गैरहाजिर. वर परीक्षेच्या तारखा होत्या. पहिला परचा माझ्या जन्मानंतर सहाव्या दिवशी होता.

मी रजिस्टर उचललं आणि वाजिदसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर पान उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मी तारेच्या वक्ती त्याच्याच खोलीत होतो, बेटी. त्याची पेटी मीच बांधून दिली."

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? मुश्किल परचा होता म्हणालात."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "तुला रडताना बघून त्यानं ते बोललं," ते म्हणाले. "सोचून बोलला असता तर काही तरी बरं झूट सुचलं असतं त्याला. सुचलं ते बोलला, आणि माझ्याकडं बघितलं. सगळ्या उम्रीत त्यानं माझ्याकडं काही मागितलं न्हाई. मी कसं खोडू?" मग म्हणाले, "मोटारीवर जाताना मी त्याला म्हणालो, दिगंबर, पोरगी आता तुझ्यावर खफा होईल. तो म्हणाला, होऊ दे. माझ्यावर होईल, स्वतःवर तर न्हाई होणार."

ते पत्रक मी वेळेत पुरं केलं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. अप्पांचं नाव मी त्यात घातलं नाही, घालण्यासारखं काही नोंदलेलं नव्हतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी गेवराईला गेले. कुणाला कळवलं नव्हतं. सोनाकाकू आता काठी घेऊन चालत होत्या. त्यांनी किल्ली दिली, माझ्यामागोमाग आल्या आणि ओसरीवर टेकल्या. मी घर झाडलं, पाणी भरलं. त्यांनी भाकरी आणली होती ती आम्ही दोघींनी खाल्ली. ऊन उतरलं होतं. त्या बोलत होत्या, कोण गेलं, कुणाला काय झालं, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "सुट्टी लागली की तुजा बाप सडकंवर जाऊन बसायचा गं. दुपारच्या मोटारीला. लई वरसं. तुजं कार्ड आलेलं असायचं, येत न्हाई म्हणून, तरी जायचा. मी म्हणायची, भावजी, कार्ड आलंय की. तर म्हणायचा, असंच बसतो, वारं बरं हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं, त्यांनी विचारलं, "एवढी वरसं कावून न्हाई आलीस?"

मी म्हणाले, "कामं होती, काकू."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.